एक दात जास्त की कमी? बुलेटचं शेवटचं गुणोत्तर आणि आपला घाट



या व्याख्यानांतून आपण आजवर बरेच जड विषय घेतले. आजचाही विषय जडच आहे, फक्त हे वजन काट्यावर मोजता येतं. जुनी ३५० सीसीची बुलेट नुसती उभी असली तरी साधारण १६५ किलो भरते. त्यावर चालवणारा, मागे बसणारं माणूस आणि दोन्ही बाजूंच्या बॅगा धरल्या, की आकडा सव्वातीनशेच्या पुढं जातो. एवढं ओझं घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी एक प्रश्न येतोच: पुढचं स्प्रॉकेट बदलून घ्यावं का? सोळा दातांच्या जागी सतरा किंवा अठरा दातांचं बसवलं, तर गाडी हायवेवर निवांत पळेल का?

तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी स्प्रॉकेटवर काय बोलावं, असं कोणाला वाटेल. आम्ही एवढंच म्हणू, की शाळेत आपण सगळेच ‘गुणोत्तर व प्रमाण’ हा धडा शिकलो. तिथं प्रमाण म्हणजे दोन राशींचा एकमेकींशी असलेला मेळ. पण न्यायदर्शनात ‘प्रमाण’ म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याचं साधन. गाडीचं प्रमाण बदलायचं असेल तर ते कुठल्या प्रमाणावर ठरवायचं? आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे. मात्र त्याआधी यंत्र नीट समजून घ्यावं लागेल, नाहीतर नुसत्या शब्दांच्या कोट्या होतील.

ताकद कुठून कुठं जाते

इंजिनाचा दांडा फिरतो, पण तो थेट मागच्या चाकाला जोडलेला नसतो. मधे तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा इंजिनापासून क्लचपर्यंतचा, त्याला प्रायमरी म्हणतात. जुन्या बुलेटमध्ये इथं इंजिनाच्या सुमारे सव्वादोन फेऱ्यांना क्लचची एक फेरी होते. दुसरा टप्पा गियरबॉक्सचा. पायानं आपण बदलतो तो हा. जुन्या चार गियरच्या बुलेटमध्ये चौथ्या गियरला आत जितक्या फेऱ्या तितक्याच बाहेर, म्हणजे एकास एक. तिसरा टप्पा गियरबॉक्सच्या बाहेर असलेलं पुढचं स्प्रॉकेट, चेन आणि मागच्या चाकाचं मोठं स्प्रॉकेट. यालाच शेवटचं गुणोत्तर म्हणायचं.

हिशेब अगदी सोपा आहे. मागचे दात भागिले पुढचे दात. मागे ३८ आणि पुढे १६ असतील तर ३८ भागिले १६, म्हणजे २.३७५. चाकाची एक फेरी व्हायला पुढच्या स्प्रॉकेटला दोन पूर्णांक तीन अष्टमांश फेऱ्या माराव्या लागतात. पुढे १७ घातलं तर २.२३५. १८ घातलं तर २.१११. पुढे एक दात वाढवला की गुणोत्तर सुमारे सहा टक्क्यांनी उतरतं, दोन वाढवले की अकरा टक्क्यांनी. मागचा एक दात कमी केला तर फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा पडतो. म्हणजे पुढचा एक दात हा मागच्या दोनांपेक्षा थोडा जास्तच भारी आहे. छोट्या चाकातला छोटा बदल मोठा असतो, हे लक्षात ठेवायचं.

आता हे रस्त्यावर आणू. मागचा टायर एका फेरीत साधारण दोन मीटर चार सेंटिमीटर पुढं जातो असं धरलं, तर ताशी ८० किलोमीटरला चौथ्या गियरमध्ये सोळा दातांवर इंजिन मिनिटाला सुमारे ३४८० फेऱ्या मारतं. सतरावर ३२७०. अठरावर ३०९०. ज्याला हायवेवर तासन् तास बसायचंय त्याला हा फरक हाताला, पायाला आणि कण्याला कळतो. बुलेटच्या इंजिनात एकच मोठा पिस्टन वरखाली होतो, त्यामुळं वेग वाढेल तशी थरथर वाढते. फेऱ्या कमी झाल्या की आवाज खाली येतो, आरसे थोडे स्थिर होतात, हातांच्या मुंग्या कमी होतात. लोकांना अठराचं आकर्षण वाटतं ते यामुळं, आणि ते अगदी खरं आहे. त्याला आम्ही नावं ठेवणार नाही.

फुकट काही मिळत नाही

पण मग कंपनीनं आधीच अठरा का नाही दिलं? इथं गॅलिलिओची आठवण काढायला हवी. इसवी सन १६०० च्या आसपास त्यानं यंत्रांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. तरफ, कप्पी, स्क्रू यांनी थोड्या जोरात मोठं वजन उचलता येतं, म्हणून कारागिरांना वाटे की आपण निसर्गाला फसवलं. गॅलिलिओनं दाखवलं, की फसवणूक कुठंच होत नाही. जोरात जेवढी बचत, तेवढं अंतर किंवा तेवढा वेळ जास्त मोजावा लागतो.

दातेरी चाकांचंही तेच. इंजिनाची ताकद स्प्रॉकेट वाढवत नाही आणि कमीही करत नाही. घर्षणात जाते ती वगळली, तर जेवढी आली तेवढीच बाहेर पडते. स्प्रॉकेट फक्त तिचं रूप ठरवतं: जास्त ओढ आणि कमी वेग, की कमी ओढ आणि जास्त वेग. सोळाचं अठरा केलं म्हणजे प्रत्येक गियरमध्ये मागच्या चाकाची ओढ अकरा टक्क्यांनी कमी झाली. पहिल्या गियरमध्येही. सिग्नलवरून सुटताना क्लच थोडा जास्त वेळ घसरवावा लागेल, आणि द्वारका चौकात संध्याकाळी तो किती वेळा घसरवावा लागतो हे नाशिककरांना सांगायला नको.

भारतीय रेल्वेत याचं फार सुंदर उदाहरण आहे. डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं विजेचं इंजिन. डब्ल्यूएपी-७ हे प्रवासी गाडीचं. दुसरं पहिल्यावरूनच तयार केलेलं आहे, आणि मुख्य फरक मोटर व चाक यांमधल्या गुणोत्तराचा आहे. एकाची कमाल गती ताशी १००, दुसऱ्याची १४०. ताकद जवळजवळ तीच. एक हजारो टन ओढतं, दुसरं वेगात धावतं. आपल्याकडं एकलहऱ्याला रेल्वेच्या अशा मोटरी दुरुस्त होतात. तिथं आयुष्य काढलेले श्रोते हे आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. यांतलं ‘चांगलं इंजिन’ कोणतं, असं विचारण्यात अर्थ नाही. मागे काय जोडलंय आणि जायचंय कुठं, हे आधी सांगा.

आणि घाट आला की रेल्वे काय करते? कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा चढ ३७ ला १ आहे. ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. रुळांच्या हिशेबानं हा फारच खडा चढ. विजेच्या इंजिनाचं गुणोत्तर कारखान्यात ठरलेलं असतं, चालकाला ते घाटात बदलता येत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ती वरपर्यंत ढकलतात आणि मग सुटतात. आपल्या बुलेटला कसाऱ्याला बँकर मिळत नाही. आपल्याकडं आहे तो फक्त खालचा गियर.

जास्त दात म्हणजे जास्त टॉप स्पीड?

हा गैरसमज इतका पसरलेला आहे, की त्यासाठी वेगळा वेळ द्यावा लागेल. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. ८० वरून १०० वर जायचं तर वेग सव्वापट होतो, पण हवा कापायला ताकद जवळजवळ दुप्पट लागते. बुलेटवर ताठ बसलेला माणूस म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीनं बंद दारच.

जुन्या ३५० ची ताकद सुमारे १८ अश्वशक्ती. ती पूर्ण मिळते ती ५६०० च्या आसपास फेऱ्यांवर. आता वरचाच हिशेब लावा. सोळा दातांवर चौथ्या गियरमध्ये ५६०० फेऱ्या म्हणजे ताशी सव्वाशेच्याही वर. तेवढी ती गाडी सपाट रस्त्यावर कधी पळत नाही. वारा तिला आधीच अडवतो. म्हणजे कंपनीनं दिलेलं गुणोत्तरच चौथ्यात थोडं ‘लांब’ आहे. त्यात अठरा घातलं तर इंजिन आपल्या पूर्ण ताकदीपासून आणखी दूर राहील आणि टॉप स्पीड वाढण्याऐवजी घटण्याचीच शक्यता जास्त. स्प्रॉकेट वाढवून मिळते ती ८० च्या वेगाची शांतता. १३० चा वेग मिळत नाही. ज्याला पहिली हवी त्यानं पुढं ऐकावं. ज्याला दुसरा हवाय त्यानं पैसे वाचवावेत.

५०० सीसीचं गणित थोडं वेगळं आहे. तिथं खालच्या फेऱ्यांवर ओढ जास्त, त्यामुळं लांब गुणोत्तर तिला सोसतं. उलट टोकाला डिझेल बुलेट घ्या. ३२५ सीसीचं डिझेल इंजिन, ताकद साडेसहा अश्वशक्ती. ॲव्हरेजचं नाव मोठं, पण ओझं घेऊन चढावर ती किती दमते हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. तिच्यावर दात वाढवणं म्हणजे उपाशी माणसाला आणखी मैलभर पुढं जेवायला बोलावणं. ‘बुलेटला अठरा चांगलं’ हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. कुठल्या बुलेटला?

घाट चढताना, घाट उतरताना

नाशिकची जागाच अशी आहे, की हा प्रश्न इथं जास्त टोचतो. गाव पठारावर. मुंबईला निघालात तर इगतपुरीपर्यंत छान रस्ता आणि मग कसारा. धुळ्याकडं गेलात तर चांदवडजवळ राहूड घाट. नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढायचं तर वळणं. त्र्यंबकच्या पुढं जव्हारकडं उतरायचं तरी घाट. सरळ, सपाट, न संपणारा रस्ता म्हटला तर समृद्धी महामार्ग, पण त्यावर दुचाकींना बंदी आहे. म्हणजे लांब गुणोत्तराचं खरं चीज जिथं झालं असतं, तिथंच आपल्याला जाता येत नाही!

चढाचा हिशेब करू. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून ३३० किलो. वीस मीटरला एक मीटर चढ. ताशी ६० नं चढायचं, तर नुसतं वजन वर न्यायला साडेतीन अश्वशक्तीच्या वर लागते. वारा आणि टायरचं घर्षण धरून एकूण साडेसात-आठ. सोळा दातांवर चौथ्यात ६० ला इंजिन सुमारे २६०० फेऱ्या मारतं. इंजिन ठणठणीत असेल तर तेवढी ताकद तिथं मिळते आणि थोडी शिल्लकही राहते. अठरावर तेच इंजिन २३०० वर आलेलं असतं. शिल्लक जवळपास संपते. समोर ट्रक आला, वेग ५० वर आला, की गाडी धडधडायला लागते. मेकॅनिक म्हणतात ना, ‘इंजिन गुदमरतंय’, ते हेच. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला आणि गाडी पुढं सरकत नाही. अशा वेळी प्रत्येक धडक कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर बसते. थोड्या फेऱ्यांवर ऑइलचा दाबही कमी असतो. जास्त फेऱ्या इंजिनाला झिजवतात हे खरं, पण कमी फेऱ्यांवर जबरदस्तीनं ओढायला लावणं त्याहून वाईट.

उपाय काय? तिसरा टाकायचा. अठरावर तिसऱ्यात ६० ला सुमारे ३१५० फेऱ्या होतात, गाडी आनंदानं चढते. म्हणजे अठरा घातलेल्यानं घाटात चौथा गियर विसरायचा. हे करायला तयार असाल तर हरकत नाही. पण बऱ्याच जणांना वाटतं, की दात वाढवले म्हणजे गियर बदलायचा त्रास कमी होईल. होतं उलट. सपाटीवर कमी होतो, घाटात वाढतो.

उतार आणखी महत्त्वाचा. इथं बेतानं बोलायचं, कारण विषय जिवाचा आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन गाडीला मागे धरतं. ही धरण्याची शक्तीही त्याच गुणोत्तरातून चाकाकडं जाते. अठरावर ती त्याच गियरमध्ये अकरा टक्के कमी. सव्वातीनशे किलोचं वजन कसाऱ्याच्या उतारावर ड्रम ब्रेकच्या भरवशावर सोडलं, तर ड्रम तापतो आणि तापलेला ब्रेक हळूहळू धरेनासा होतो. म्हणून ज्या गियरमध्ये चढलो असतो त्याच गियरमध्ये उतरायचं, हा जुना नियम. दात वाढवलेल्यानं त्याच्याही एक गियर खाली. ज्यांनी दात वाढवून घेतले आणि ही सवय बदलली नाही, त्यांनी पैसे देऊन धोका विकत घेतला.

काम करून घेताना

आता थोडं वर्कशॉपमध्ये जाऊ. जुन्या बुलेटमध्ये मागचं स्प्रॉकेट ब्रेक ड्रमला एकत्रच ओतलेलं असतं, त्यामुळं मागचे दात बदलणं महागात जातं. म्हणून सगळे पुढचं बदलतात. पण ते क्लचच्या मागं लपलेलं असतं. प्रायमरीचं कव्हर, चेन, क्लच हे सगळं उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे असं कोणी सांगितलं, तर त्याला नम्रपणे चहा पाजून निघावं. क्लच प्लेटी किंवा ऑइल सील बदलायची वेळ आलीच असेल, तेव्हाच हे काम जोडून करून घेणं शहाणपणाचं.

चेनचंही पाहायचं. पुढे एक दात वाढला की चेन अर्धी कडी जास्त खाते, आणि मागचं चाक साधारण चार मिलिमीटर पुढं घ्यावं लागतं. दोन दात वाढले तर आठ. चाक सरकवायच्या खाचेत तेवढी जागा आहे का, हे आधी बघावं. जुनी लांबलेली चेन नव्या स्प्रॉकेटवर कधीच चढवू नये. ती नव्या दातांना आठवड्यांत आपल्यासारखं करून टाकते. संगतीचा परिणाम माणसांपुरता मर्यादित नाही. एक चांगली बाजूही सांगू. चेनच्या कड्या सम संख्येत असतात. पुढचं चाक विषम दातांचं असेल, तर प्रत्येक दाताला सगळ्या कड्या आळीपाळीनं भेटतात आणि झीज वाटली जाते. सतराला हा जादाचा गुण आहे.

स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येत असेल, तर त्याच्या आकड्यांवर काहीच परिणाम होत नाही. काही गाड्यांत तो वेग गियरबॉक्सच्या बाहेरच्या दांड्यावरून मोजतात. तिथं दात वाढवले की काटा खरा वेग कमी दाखवतो. ८० दिसत असताना आपण ८५ नं जात असतो. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावण्याआधी कागद वाचावेत, हेही आलंच.

ज्या मोठ्या टूरिंग गाड्यांना चेनच नसते, त्यांचं काय? होंडाची गोल्डविंग १९७५ पासून शाफ्टवर चालते. बीएमडब्ल्यूनं तर १९२३ च्या पहिल्या मोटरसायकललाच शाफ्ट दिला होता. तिथं शेवटचं गुणोत्तर म्हणजे मागच्या चाकाजवळची क्राउन-पिनियनची जोडी. ट्रकवाल्यांना हा शब्द ओळखीचा आहे. ही जोडी एकमेकांशी जुळवूनच बसवलेली असते, एक बदलून दुसरं ठेवता येत नाही. त्यामुळं तिथं गुणोत्तर बदलायचं म्हणजे वेगळ्या मॉडेलचं अख्खं मागचं युनिट मिळवून बसवायचं. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक, पण विचार तोच.

चार प्रमाणं

आता सुरुवातीला सांगितलेल्या शब्दाकडं येऊ. न्यायदर्शनानं चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आपला निर्णय या चौघांसमोर उभा करून बघू.

शब्द म्हणजे आप्ताचं वचन. विश्वासू, जाणत्या माणसाचं सांगणं. कंपनीचं मॅन्युअल आणि तीस वर्षं बुलेट उघडणारा मेकॅनिक हे दोन आप्त. पण शब्दप्रमाणाला एक अट आहे: बोलणारा त्या विषयातला जाणता हवा आणि त्याचा त्यात स्वार्थ नको. ज्याच्या दुकानात अठरा दातांची पाच स्प्रॉकेटं पडून आहेत, तो या बाबतीत आप्त नव्हे, मग तो स्वभावानं कितीही सज्जन असो.

उपमान म्हणजे साम्यावरून ओळखणं. मित्राच्या गाडीवर अठरा छान चालतं, तर माझ्याही चालेल. पण साम्य खरंच आहे का? त्याची ५०० आणि माझी ३५०. तो एकटा जातो, आम्ही दोघं. तो संभाजीनगरकडं जातो, आम्ही कसाऱ्याकडं. आम्ही काही निवृत्त मंडळी रविवारी एकत्र निघतो. तिथं एकाच दिसणाऱ्या चार गाड्यांचा एकाच चढावर चार तऱ्हेचा स्वभाव आम्हाला दर वेळी दिसतो. टायरचा घेर, इंजिनाची अवस्था, चालवणाऱ्याचं वजन, सगळं वेगळं.

अनुमान म्हणजे कागदावरचा हिशेब. तो आपण आज केला. दात मोजा, भागा, टायरचा घेर खडूनं जमिनीवर खूण करून मोजा, आपल्या नेहमीच्या वेगाला किती फेऱ्या होतात ते काढा. हे एका संध्याकाळचं काम आहे आणि पैसे लागत नाहीत. आश्चर्य याचं, की बहुतेक लोक हे सोडून बाकी सगळं करतात.

आणि प्रत्यक्ष. चार्वाक फक्त हेच मानायचे. आमच्या ओळखीत बरेच बुलेटवाले चार्वाकपंथी आहेत: ‘बसवून बघू, मग कळेल.’ पण प्रत्यक्ष पाहायचं ते बदलाच्या आधीही पाहता येतं. महिनाभर एक छोटी वही ठेवा. एकूण किती किलोमीटर, त्यांतले सपाटीवर किती, घाटात किती, शहरात किती. डबल सीट किती. टाकी फुल करून पुन्हा फुल करेपर्यंतचं ॲव्हरेज किती. आणि एक परीक्षा. नेहमीच्या चढावर, नेहमीचं ओझं घेऊन, चौथ्यात ६० ला या. ॲक्सिलरेटर तीन चतुर्थांश उघडा असताना गाडी अजून वेग घेत असेल, तर तुमच्याकडं शिल्लक आहे. ती तुम्ही एका दाताला देऊ शकता. पूर्ण पिळूनही वेग उतरत असेल, तर द्यायला काही नाही. उसनं आणून दान करता येत नाही.

ॲव्हरेजचं उत्तरही या वहीतच मिळेल. तेवढीच ताकद कमी फेऱ्यांवर घेतली तर इंजिनाचं घर्षण घटतं, म्हणून सपाटीवर पेट्रोल थोडं वाचतं. पण चढावर इंजिन गुदमरत असेल आणि शहरात क्लच घसरत असेल, तर वाचलेलं तिथं जातं. कोणाचं वाचेल हे त्याच्या रस्त्यांवर आहे.

मग करायचं काय?

व्याख्यान संपल्यावर आम्हाला हमखास विचारतात: ‘सर, ते सगळं ठीक, पण सोळा, सतरा की अठरा?’ तर स्पष्ट सांगतो. ३५० असेल, डबल सीट जात असाल, महिन्यातून दोनदा घाट असेल, तर सोळाच ठेवा. बहुतेक प्रवास एकट्यानं आणि सपाटीवर असेल, इंजिन चांगल्या अवस्थेत असेल आणि वरच्या परीक्षेत शिल्लक दिसली असेल, तर सतरा करा. एकच दात. अठराचा विचार ५०० वाल्यांनी करावा, आणि तोही घाटात गियर खाली टाकायची सवय पक्की असेल तर. कधीतरी लडाखला निघणार असाल तर उलट एक दात कमी करण्याचा विचार करा. उंचीवर हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते, आणि तिथं कोणालाही ८० नं जायचं नसतं.

आपल्याच गावचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये अमेरिकेची आडवी सायकल शर्यत, रेस अक्रॉस अमेरिका, पूर्ण करून आले. सायकलस्वाराला आपल्या पायांचा ठराविक लय असलेला वेग सांभाळायचा असतो. रस्ता बदलेल तसं तो बोटानं गुणोत्तर बदलत राहतो. त्याला एकच ‘सर्वोत्तम’ गुणोत्तर शोधत बसावं लागत नाही. आपलं शेवटचं गुणोत्तर मात्र एकदा ठरलं की महिनोन् महिने तेच राहतं, म्हणून ते आपल्या सर्वांत चांगल्या दिवसासाठी ठरवू नये. मोकळा रस्ता, हलकं ओझं, मागून वारा असे दिवस कमी असतात. ते आपल्या सर्वांत अवघड दिवसासाठी ठरवावं: पाऊस, कसारा, पुढं ट्रक आणि मागे आपलं माणूस.

हे ज्यानं आधी वहीत मांडलं, त्यानं सोळा ठेवलं काय आणि सतरा केलं काय, त्याचा निर्णय त्याच्या स्वतःच्या प्रमाणावर उभा आहे. पुढच्या वेळी मेकॅनिककडं जाल तेव्हा ‘किती दातांचं घालू?’ असं विचारू नका. त्याला आपले रस्ते सांगा, ओझं सांगा, घाट सांगा. चांगला मेकॅनिक पुढचं स्वतःच विचारेल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.